दोरा तुटला तरी चालंल

पंचांगाप्रमाणे वसंत चैत्र-वैशाखाचा. वसंतपंचमी मात्र माघात, ऐन शिशिरात येऊन जाते. लहानपणी हा घोळ मला कुणी उलगडून सांगितला नाही. पुढं मीही तो सोडवायच्या भानगडीत पडले नाही, कारण पुण्यात राहणाऱ्या माणसाला फेब्रुवारीत कुठल्याच ऋतूवर भरवसा ठेवता येत नाही. पहाटे १२-१३ अंश, दुपारी ३३. फिरायला निघताना अंगात स्वेटर, परतताना तो कमरेला. रात्री पंखा एकवर ठेवून झोपावं, तर तीनच्या सुमाराला पाय आपोआप पोटाशी येतात. चादरीनं भागत नाही आणि ब्लँकेटनं घामाघूम व्हायला होतं. होळीपर्यंतच्या या दिवसांत खरी उपयोगाची ती गोधडी, आणि आमच्या घरातल्या गोधडीनं नेमका यंदा याच दिवसांत दम सोडला.

गोधडीबद्दल आपल्याकडं भरून फार आलेलं आहे. आजीची माया, मायेची ऊब, आठवणींचे तुकडे. कवितांत आहे, भाषणांत आहे, आणि आता ऑनलाइन विकणाऱ्यांच्या जाहिरातींतही आहे. माझी तक्रार मायेबद्दल नाही. माया असेलच. पण ज्या बायकांनी या गोधड्या शिवल्या त्यांना कापड कळत होतं, हे त्या सगळ्या गहिवरात कुठंच येत नाही. कुठलं लुगडं वर घ्यायचं आणि कुठलं आत, किती थर घातले म्हणजे ऊब येईल पण सुई अडणार नाही, धावदोऱ्याच्या दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, हा सगळा हिशोब होता. ऊब येते ती थरांमध्ये कोंडलेल्या हवेची. धावदोरा ते थर जागच्या जागी धरून ठेवतो म्हणून ते एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत. ओळी फार दाट घातल्या तर हवा दाबली जाते आणि गोधडी नुसती जड होते. फार विरळ घातल्या तर पहिल्याच धुण्यात आतला माल सरकतो. मायेनं हे जमत नाही. डोकं लागतं.

आमची गोधडी माझ्या आजेसासूबाईंनी शिवलेली, वाईजवळच्या गावात. सासूबाई तिला वाकळ म्हणतात. ती फाटली म्हणजे टर्रकन नव्हे. जुनं सुती कापड तसं फाटत नाही, ते विरतं. गोधडी सगळीकडून सारखी झिजत नाही हे ती मांडीवर घेऊन बसल्यावर दिसलं. पायाकडची कड जवळजवळ शाबूत होती, बाजूच्या दोन्ही बऱ्या होत्या. डोक्याकडची कड, जी रोज दोन मुठींत धरून वर ओढली जाते आणि जिच्यावर हनुवटी नि दाढीचे खुंट घासतात, तिथला गोट पार गेला होता. दुसरी झीज घडीची. वर्षानुवर्षं एकाच रेषेत घडी पडली की कापड त्या रेषेवर जीव सोडतं. पैठणीची घडी अधूनमधून बदलावी हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोधडीच्या घडीचा विचार कोण करतो?

घडीवरच्या त्या भगदाडातून आतले थर दिसत होते. मी तिथं जरा जास्तच वेळ काढला. वर इरकली लुगड्याचा पोत, एके काळचा निळा असावा, आता धुवट. त्याच्याखाली धोतराचं पान, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की बोट लावलं तरी तंतू बाजूला व्हावेत. मग पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. त्याची नाडी ओवायची नेफ्याची पट्टी तशीच, न उसवता घातलेली. त्याखाली जाडेभरडे मांजरपाटाचे तुकडे, एकावर गिरणीचा शिक्का, अक्षरं गेलेली, नुसती निळी गोल कडा उरलेली. हा तुकडा कुठून आला ते सासूबाईंनी न विचारता सांगितलं. त्यांचे थोरले दीर लालबागला गिरणीत होते. सातारा-सांगलीकडच्या किती घरांतला एकेक जण तेव्हा गिरणगावात असायचा! गावी येताना पिशवीत कटपीस यायचे. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तो पुढं नीट मिटलाच नाही. दीर गावी परतले आणि कटपीस यायचे थांबले.

आणि या सगळ्याच्या मधोमध एक गुळगुळीत, चकाकी न गेलेला करडा थर. बोटांनाच आधी कळलं. टेरिकॉट.

गोधडीत टेरिकॉट घालू नये हे कुणीही सांगेल. ते घाम पीत नाही, सुती थरांमध्ये सरकत राहतं, आणि आजूबाजूचं सूत थकून गेलं तरी हे तसंच ताठ राहून त्याला आतून घासतं. आमच्या गोधडीतही त्या थराच्या आसपासचेच टाके सगळ्यांत जास्त ओढले गेले होते. मला वाटलं, मागाहून कुणीतरी दुरुस्ती करताना कोंबलं असेल. पण दोरा तोच, टाक्याची लांबीही तीच. म्हणजे ज्यांनी नेफ्याची पट्टी कुठं ठेवायची इतका विचार केला त्या आजेसासूबाईंनीच हे घातलं होतं. का, ते कळेना. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘असेल काहीतरी. त्या उगाच काही करायच्या नाहीत.’’

दुरुस्तीसाठी दोरा हवा होता. दुकानदारानं पॉलिएस्टरचं जाड रीळ पुढं केलं. ‘‘मॅडम, हा घ्या. जन्मात तुटणार नाही.’’ मी ‘बघते’ म्हणून परत आले. त्याच आठवड्यात दुपारी गल्लीत हाळी आली, ‘‘गोधड्या शिवायच्यात काऽऽ’’. दोघीजणी, सोलापूरकडच्या, खांद्यावर बोचकी. हल्ली त्या वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच येतात. थोरलीला वर बोलावलं, पाणी दिलं आणि गोधडी तिच्यापुढं पसरली. तिनं पहिल्यांदा उलटी बाजू पाहिली. मग कडेची शिवण नखानं जराशी उचलून पाहिली.

‘‘मावशी, दुकानदार म्हणतो कधी न तुटणारा दोरा आहे.’’

‘‘मंग कापाड तुटंल की,’’ ती म्हणाली. ‘‘दोरा तुटला तरी चालंल, ताई. त्यो पुन्यांदा घालता येतोय. कापाड गेल्यावं काय करशीला?’’

दोन वाक्यांत तिनं जे सांगितलं ते समजायला मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ताण आला की काहीतरी सुटणारच. दोरा कापडापेक्षा बळकट असेल तर तो सुटत नाही. तो सुईच्या भोकांतून कापड कापत जातो. म्हणून शिवणीतली सगळ्यांत कच्ची गोष्ट दोरा असायला हवी. जुन्या वाड्यांची डागडुजी करणारे गवंडीही हेच सांगतात: विटांच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरलं की पुढं सांधा टिकतो आणि वीट फुटते. आपल्या डोक्यात दुरुस्ती म्हणजे ‘आधीपेक्षा भक्कम करणे’ असं बसलेलं असतं. विरलेल्या वस्तूच्या बाबतीत ते तिच्या मुळावर येतं.

मावशीला मी म्हटलं, तुम्हीच द्या करून. तिनं नकार दिला. नवी शिवून द्यायला तयार होती, पण दुसऱ्याच्या हातच्या जुन्यात सुई घालायला नको म्हणाली, ‘‘येळ लई जातुया, आन् त्येचा पैका कोन देतंय.’’ याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिचा हिशोब बरोबर होता. यंत्रावर शिवलेली, छापील कापडाची, आत पोकळ फुगीर भरणाची रजई ज्या किमतीला घरपोच येते, तेवढ्यात मावशीचे दोन दिवसही निघत नाहीत. जाताना तिनं दोऱ्याचं सांगितलं, साधा सुती घ्यायचा आणि मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढायचा, म्हणजे गुंता होत नाही आणि जुन्या कापडातून अलगद जातो. आणि ठिगळाचं सांगितलं: भोकाएवढं कधी कापायचं नाही. चांगलं कापड लागेपर्यंत चहूबाजूंनी दोन-दोन बोटं पुढं जायचं.

सकाळचं फिरणं या दिवसांत वेताळ टेकडीवर असतं. पुण्यातली ही सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. माथ्यावर वेताळाचं देऊळ, एका अंगाला जुनी दगडाची खाण, आणि सहा वाजल्यापासून माणसांची ही गर्दी. फेब्रुवारीअखेर चढणीवरचा सगळा उतार फिकट गुलाबी होतो. फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. तो गुलाबी रंग गिरिपुष्पाचा, मध्य अमेरिकेकडून आलेल्या झाडाचा. लवकर वाढतं म्हणून वनखात्यानं आपल्या बोडक्या टेकड्यांवर ते लावलं. उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव. बिया नि साल विषारी. दिसायला सुंदर आहे, नाही म्हणू नये. पण त्याच्या दाटीत इथली झाडं फारशी उठत नाहीत. त्यामुळं मला ते बघताना दरवेळी आत कुठंतरी टोचतं. थोडं पुढं, जिथं अजून मूळची झाडं तग धरून आहेत तिथं, मी रेंगाळते. तिथली सालई आणि मोई या दिवसांत अगदी खंगल्यासारख्या दिसतात. अंगावर पान नाही आणि मोईच्या फांद्यांच्या टोकांना बारीक पिवळट-हिरव्या फुलांचे तुरे, जे शोधल्याशिवाय दिसत नाहीत.

आपल्याकडच्या वसंताची ही तऱ्हा आहे. आधी पालवी, मग फुलं असा सरळ क्रम नाही. पाणी कमी झालं की पानातून ते उडून जाऊ नये म्हणून झाड पानं टाकतं आणि त्याच उघड्या फांद्यांवर फुलं काढतं. पळस, पांगारा, काटेसावर, तिघांचं तेच. पिंपळ तर एका बाजूनं झडत असतो नि दुसऱ्या बाजूनं तांबूस पालवी काढत असतो. त्याच्याखाली उभं राहिलं तर हा पानगळीचा महिना की पालवीचा, हे ठरवता येत नाही. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण करणारा माणूस माघ-फाल्गुनात रानात गेला नसावा. तेव्हा पळसाला पान एकही नसतं.

खाली पडलेली पळसफुलं मी पिशवीत भरून आणते. फूल हातात घेऊन पाहावं असं आहे. खालचा पेला काळपट, मखमलीसारखा लवदार. त्यातून बाहेर पडलेल्या पाकळ्यांपैकी एक पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. केशरी रंग एकसारखा नसतो. पाकळीच्या पाठीवर चांदीसारखी बारीक लव असते, तिच्यामुळं तो जरा दबलेला वाटतो, आणि उन्हाकडं धरलं की पेटतो. झाडावर शिंजीर आणि साळुंक्या यांचा दिवसभर राबता. मी झाडावरची तोडत नाही. रंगाला पडलेली चालतात, वाळलेलीही चालतात.

कारण मला ठिगळं रंगवायची होती. घरात जुन्या पांढऱ्या चादरींचे तुकडे होते, सुती, बऱ्यापैकी झिजलेले. विरलेल्या कापडावर कोरं ठिगळ लावू नये. ते धुतल्यावर आटतं आणि भोवतीचं कापड ओढून धरतं. तेव्हा कापड मिळालं होतं, आता रंग. सुताचा स्वभाव असा की त्याला नुसता रंग चढत नाही. लोकर आणि रेशीम रंग पटकन धरतात, सूत धरत नाही, त्याला आधी तयार करावं लागतं. त्यासाठी हिरडा. जुन्नर-आंबेगावकडच्या डोंगरांतला हिरडा आयुर्वेदिक दुकानात सहज मिळतो. त्याची पूड पाण्यात भिजवून त्यात तुकडे बुडवायचे, न पिळता वाळवायचे. ते मळकट पिवळे होतात. मग तुरटीच्या पाण्यातून काढायचे. तुरटी एकटी सुताला धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन असलं की धरते, आणि मग रंग तुरटीला धरतो. घरात या काळात जो वास येतो त्याबद्दल सासूबाईंचं मत छापण्याजोगं नाही.

पळसफुलांचा काढा तीन भांड्यांत घेतला. पहिल्या स्टीलच्या पातेल्यात नुसता काढा: त्यातून तुकडा आला तो पिवळा, जरा उबदार, हळदीपेक्षा शांत. दुसऱ्यात पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना टाकला. डोळ्यांदेखत पाणी लालसर केशरी झालं आणि तुकडाही त्याच अंगानं गेला. तिसरा भाग मुद्दाम लोखंडी कढईत उकळला. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळं होतं हे ठाऊक होतं, शाईही अशीच करत. पळसाच्या पिवळ्याबरोबर काय होतं ते पाहायचं होतं. तुकडा शेवाळी निघाला, पावसाळ्यातल्या भिंतीचा रंग. एकाच झाडाची फुलं, एकाच चादरीचे तुकडे आणि तीन रंग, जे एकमेकांशेजारी ठेवले तर सख्खे वाटत नाहीत पण भांडतही नाहीत. सासूबाईंना शेवाळी आवडला. मला तो खिन्न वाटतो.

हा रंग कच्चा असतो. उन्हात काही दिवसांत उतरतो, धुण्यात अजून उतरतो. रंगपंचमीला हाच कच्चेपणा कामाचा होता: अंगावरून, कपड्यांवरून सुखासुखी निघून जाणारा रंग हवाच होता. गोधडीला तो गैरसोयीचा. पण मावशीच्या दोऱ्यानंतर माझं पक्क्या गोष्टींबद्दलचं प्रेम जरा कमी झालेलं होतं. उतरला तर पुढच्या फाल्गुनात झाड तिथंच आहे.

दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं आणि ‘खमंग’ही लिहिलं. झाडांची एकेका महिन्याची हालचाल टिपणारं एक पुस्तक, आणि दुसरं स्वयंपाकाचं. लोक पहिल्याचं नाव आदरानं घेतात आणि दुसऱ्याचं कौतुकानं, म्हणजे ‘बघा, इतक्या विदुषी असून स्वयंपाकही!’ या सुरात. मला त्या दोन पुस्तकांत पायरीचा फरक दिसत नाही. फोडणीत मोहरी केव्हा तडतडते आणि कुठल्या आठवड्यात कुठल्या झाडाचा रंग पालटतो, हे बघणारी नजर एकच आहे. एकीला आपण निसर्गलेखन म्हणतो आणि दुसरीला घरकाम.

घरकामाचं म्हणाल तर याच दिवसांत कुरडयांचा घाट असतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून चोथा बाजूला काढायचा, आणि गाळलेलं पाणी रात्रभर ठेवायचं. सकाळी वरची निवळी ओतून दिली की तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला असतो. तो मीठ-हिंग घालून शिजवायचा आणि हाटत राहायचं, गाठी होऊ न देता. गरम चीक आणि वरून तूप, किंवा दूध-साखर, हा कुरड्या घालणाऱ्यांचा हक्काचा नाश्ता. गच्चीवर कुरड्या पडेपर्यंत निम्मा चीक घरातच संपतो, पण त्याला इलाज नाही.

यंदा त्यातला वाटीभर चीक मी मीठ घालायच्या आधी काढून ठेवला, खळीसाठी. गोधडीचं कापड इतकं लुळं झालेलं होतं की त्यावर ठिगळ सरळ बसेना. एका बाजूनं टाचावं तर दुसरी बाजू वाहून जायची. पूर्वी सुती लुगड्यांना खळ करत ती भाताच्या पेजेची. चिकाची खळ जास्त नितळ होते. पातळ शिजवून, गाळून, फडक्यानं फाटलेल्या भागावर पुसली आणि सावलीत वाळू दिली. तासाभरानं तेच कापड कागदासारखं कडक. त्यावर मनासारखी रेघ आखता आली, कडा आत दुमडता आली, टाचण्या टोचल्या तिथंच राहिल्या. शिवून झाल्यावर मात्र खळ धुऊन काढायलाच हवी, नाहीतर कसर लागते. पीठ आपल्याला आवडतं तसं तिलाही.

धुणं रिठ्याच्या पाण्यात. रात्री भिजवलेले रिठे सकाळी उकळून कुस्करले की फेस पुरेसा होतो, आणि जुन्या कापडाला तो साबणापेक्षा मानवतो. मशीनमध्ये गोधडी घालायची नाही; पाणी प्यायलेली गोधडी फिरवली की तिच्याच वजनानं टाके तुटतात. सासूबाईंच्या माहेरी घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा कृष्णेच्या घाटावर जायच्या, दोघी-दोघी मिळून पिळायच्या, आणि दगडांवर पसरून दिवसभर राखण बसायची. आमच्याकडं बाथरूमची फरशी, मी, आणि दारात खुर्ची टाकून सूचना देणाऱ्या सासूबाई.

शिवायला जमिनीवरच बसावं लागतं. गोधडी पसरायची, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची आणि स्वतः तिच्यावरच बसायचं. मूळची शिवण कडेनं सुरू होऊन चौकोनाच्या आत चौकोन अशी मध्याकडं गेलेली आहे. ठिगळावरचा नवा धावदोरा त्या जुन्या ओळींना जोडून घेत न्यायचा असं मी ठरवलं होतं. त्यासाठी आजेसासूबाईंचा टाका आधी नीट पाहावा लागला. वर दिसणारा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, खालचा त्याहून बारीक. दोन ओळींत अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर, पण डावीकडच्या अर्ध्या भागात ते हळूहळू वाढत गेलेलं. घाई? संध्याकाळचा उजेड? की दुसरीच कुणी बाई तिथं बसलेली? एका मोठ्या गोधडीवर चौघीजणी चार बाजूंनी बसायच्या हे सासूबाईंनी सांगितलं. म्हणजे मी ज्याला त्यांचा टाका समजत होते तो कदाचित शेजारणीचा. ‘आजीच्या हातची’ असं आपण म्हणतो त्यात किती हात असतील!

मुलीला व्हिडिओ कॉलवर काम दाखवलं. तिला ठिगळं फार आवडली. म्हणाली, भिंतीवर लाव, फ्रेम करून; इथं लोक असल्या गोष्टींना काय पैसे मोजतात तुला माहीत नाही. माहीत नाही असं नाही. पण भिंतीवर लावायची तर इतकं कशाला करायचं? पांघरायला घेतली तरच हनुवटीकडची कड पुन्हा झिजेल, आणि झिजली तर कुणीतरी पुन्हा बघेल. मुलगी म्हणाली, ‘‘तू म्हणजे ना.’’

याच सुमारास सोसायटीच्या आवारातल्या शेवग्याची एक वाळकी फांदी काढायची असं ठरत होतं. झाड वाईट दिसतं म्हणून. त्या फांदीला खालच्या बाजूनं गोल भोक पडलेलं आहे आणि सकाळपासून तांबटाचं टुक टुक तिथंच चाललेलं असतं. त्याला घरट्यासाठी मेलेलं, मऊ झालेलं लाकूडच लागतं, जिवंत फांदीवर त्याची चोच चालत नाही. सभेत मी एवढंच सांगितलं की जूनपर्यंत थांबू. थांबायचं ठरलं. सचिवांचं म्हणणं असं की फांदी पडली तर जबाबदारी माझी.

राहता राहिला गोट. डोक्याकडच्या कडेला पूर्ण लांबीची नवी पट्टी हवी होती, आणि भगदाडाच्या जागी आत भरायला एक थर. त्यासाठी एखादी जुनी साडी बळी द्यावी लागणार होती. सासूबाईंनी आपली ट्रंक उघडली. वेखंडाचा वास. एकेक साडी बाहेर येत होती आणि परत आत जात होती. ही अजून नेसते, ही तुझ्या नणंदेला द्यायची आहे, हिचा रंग नको. शेवटी त्यांनी एक मोतिया रंगाची बाजूला काढली, बारीक जांभळी फुलं, काठ उसवलेला.

‘‘ही घे. शुद्ध सुती आहे. तुझ्या नवऱ्याच्या बारशाला घेतलेली.’’

माझ्या बोटांना शंका आली. मी पदराच्या कडेचे दोन धागे ओढले आणि काडी लावली. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि करडी राख होते, फुंकर मारली की उडते. हे धागे आधी आखडले, मग वितळले, आणि टोकाला एक काळा, टणक मणी झाला. सासूबाई चष्मा वर करून त्याकडं बघत राहिल्या. मणी त्यांनी नखानं दाबून पाहिला.

‘‘म्हणजे त्यानं तेव्हाच फसवलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मेला शपथेवर सांगत होता. आता कुठं शोधायचं त्याला?’’

गोट मी पळसाच्या पिवळ्या तुकड्यांचा जोडून करते असं म्हटलं आणि साडीची घडी घालून परत ट्रंकेत ठेवायला लागले. त्यांनी माझा हात धरला.

‘‘आत का ठेवतेस? मधल्या थरात घाल की.’’

‘‘अहो आई, टेरिकॉटसारखंच आहे हे. सरकेल. टाके ओढेल.’’

‘‘ओढू दे. सुती दोरा घातलायस ना? तुटला तर पुन्हा घालशील.’’ आणि मग, गोधडीच्या मधोमध जिथून तो करडा, गुळगुळीत थर दिसत होता तिथं बोट ठेवून, ‘‘मामंजींचा शर्ट असणार बघ हा. टेरिकॉटचा त्यांचा एकच होता.’’